वडनेरवाली

रंजिताच्या प्रबंधातल्या एका शब्दाभोवती सरांनी लाल गोल काढला होता. ‘वडनेरवाली’.

“संदर्भाला नाव लागतं,” स्वप्निल सर म्हणाले. “ही काय एसटीची पाटी आहे? परीक्षक हे प्रकरणच काढून टाकतील. मॅडम, तुम्हीच सांगा हिला.”

सुलोचनाबाईंनी चष्मा पुसून पुन्हा चढवला. निवृत्त झाल्या तरी त्या कॉलेजच्या ग्रंथालयात खिडकीजवळच्या टेबलाशी येऊन बसत. अभ्यासात, लिहिण्यात ज्याचं अडलं असेल त्यानं यावं. मुलं निबंध घेऊन येत. नवे प्राध्यापकही येत आपले शोधनिबंध घेऊन, पण जरा इकडेतिकडे बघत. आज गुरू आणि शिष्या बरोबरच आले होते. प्रबंध उद्या द्यायचा होता.

प्रकरण त्यांनी वाचलं होतं. अल्लीपूरकडच्या भाजी लावणाऱ्या घरांतल्या बायका बी कसं जपतात, त्याबद्दलचं. पहिलं फळ तोडायचं नाही, वेलावरच वाळू द्यायचं. काकडीचं बी राखेत घोळून शेणात थापायचं आणि भिंतीला लावून ठेवायचं. पानंच्या पानं एकाच म्हातारीनं सांगितलेली. ती काढली की मागे उरत होती प्रस्तावना आणि आभार.

“इतके दिवस तिच्याजवळ बसलीस आणि नाव विचारलं नाहीस?” सरांना हे पटतच नव्हतं.

“आजीले नाव कसं विचारू सर?” रंजिता रडकुंडीला आली. “घराले घर लागून हाय आमचं. माहेर वडनेरचं म्हणून सारं गाव वडनेरवालीच म्हणते तिले.”

“अगं, पण माणसाला नाव असेलच ना!”

“सर, तुमच्या आजीचं नाव काय हो?” सुलोचनाबाईंनी मध्येच विचारलं.

सर हसले. मग हसू ओसरलं. “आम्ही मोठी माय म्हणायचो.”

“ते झालं. नाव?”

“बाबांना विचारावं लागेल,” सर म्हणाले, आणि हातातल्या लाल पेनाचं टोपण लावू लागले.

सुलोचनाबाईंना त्यांची जुनी गल्ली आठवली. पवनारवाली पहाटे सडा टाकायची, तेव्हा अर्धा सडा सुलोचनाबाईंच्या अंगणात यायचा. सेलूवालीच्या लोणच्याला कधी बुरशी यायची नाही. आर्वीवाली सकाळी तोंड भरून भांडायची आणि संध्याकाळी त्याच तोंडानं विचारायची, भाजी पोचली का म्हणून. लहानग्या सुलोचनेला वाटायचं, प्रत्येक गाव एकेक बाई पाठवतं. शाळेत पहिल्यांदा जिल्ह्याचा नकाशा उघडला, तेव्हा आर्वीच्या ठिपक्यावर तिला कमरेवर हात ठेवून उभी असलेली बाईच दिसली होती. त्या बायका एकेक करून गेल्या. तेराव्याला सारे जेवून आले. नाव कुणी विचारलं नाही, तिनंही नाही.

“फोन लाव,” त्या रंजिताला म्हणाल्या. “आणि आवाज मोठा कर.”

फोन म्हातारीच्या सुनेनं, शोभाबाईनं उचलला.

“काकू, आजीचं नाव काय वो?”

“काऊन? कोणता फारम भरून राह्यली? राशन कार्डावर विमलाबाई हाय.”

सरांनी टोपण पुन्हा काढलं. “चला, सुटलो. विमलाबाई.”

सुलोचनाबाईंनी हातानंच त्यांना थांबवलं. “ज्यांनी सांगितलंय, त्यांना विचारू या. फोन आजीजवळ द्यायला सांग.”

फोन हातोहात गेला. बांगड्या वाजल्या. मग अगदी जवळून आवाज आला, “बोल वो माय.”

“आजी, मी लिहून राह्यली ना, त्याच्यात तुमचं नाव टाकायचं हाय. काय टाकू?”

“मले कायले नाव पाह्यजे? वडनेरवालीच लिहजो. सारे ओळखतात.”

“सर नाई म्हणतात.”

“काऊन? तुह्या सराले वडनेर ठाऊक नाई का?”

सर खिडकीकडे पाहू लागले. रंजिताला रडता रडता हसू आलं. सुलोचनाबाई फोनवर वाकल्या.

“आजी, लहानपणी वडनेरात तुम्हाला काय हाक मारायचे?”

पलीकडे काही तरी निवडल्याचा आवाज येत होता, तो थांबला. फोन कटला की काय म्हणून रंजितानं पाहिलं. कटला नव्हता.

“लग्नात बदलवलं ना वो ते नाव,” म्हातारी सावकाश म्हणाली. “तांदळात लिहून. विमला ठेवलं यायनं. मंग तेही कोणी म्हटलं नाई. माहा बाप मले पंचफुला म्हणे.”

“पंचफुला,” रंजिता लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाली.

“हाव.” आवाज एकदम हलका झाला होता. “पुन्हा म्हण बरं.”

“पंचफुला.”

“तेच लिहजो. दुसरं कोणतं लिहू नको.”

सरांनी प्रबंध आपल्याकडे ओढला. लाल गोलावर आडवी रेघ मारली आणि नवं नाव लिहायला तो रंजितापुढे सरकवला.

फोन चालूच होता. मागून शोभाबाईचा आवाज आला, “हे पंचफुला कोण वो आत्याबाई?”

म्हातारी हसली की खोकली, ते कळलं नाही.

“होती एक पोरगी,” ती म्हणाली. “वडनेरले.”