कुलूप

"कारण सांगता येत नाही म्हणजे काय?" तिनं खिडकीच्या कट्ट्यावर हात आपटला. काचेपलीकडचे शिक्के थरथरले. "परवानगी माझी, अडलीय माझी, आणि का अडली ते मलाच सांगायचं नाही?"

"गोपनीय आहे, मॅडम." कारकुनानं मान वरही केली नाही.

ती रडार दुरुस्त करणारी. उमेदीची सगळी वर्षं तिनं बंदराच्या खात्यात काढली होती. तिथून विमानांच्या खात्यात बदली झाली, तेव्हा सगळ्यांनी अभिनंदन केलं. इथे आल्यावर कळलं, की सुरक्षा परवानगी तिच्याबरोबर आलीच नाही. सरकार तेच, शिक्का तोच, पण खातं वेगळं. मग पुन्हा पहिल्यापासून चौकशी. तोवर कामाच्या जागी पाऊल टाकायचं नाही. फाटकाजवळच्या खोलीत खुर्चीवर बसायचं, पगार घ्यायचा आणि माश्या मारायच्या. पाणी प्यायला उठली तरी पहारेकरी मागे. छपरावरची रडारची तबकडी फिरताना करकरायची. कुठलं बेअरिंग गेलंय, ते तिला खुर्चीत बसून कळायचं. एकदा न राहवून सांगायला गेली, तर साहेब दचकले. म्हणाले, "तुम्ही ते ऐकायला नको होतं."

आज मुदतीचा शेवटचा दिवस होता. कचेरी बंद व्हायच्या आत परवानगी आली नाही तर नेमणूक रद्द. बंदरावरच्या तिच्या जागेवर केव्हाच दुसरा माणूस आला होता. इथून निघायचं ते थेट घरीच बसायचं.

"बंदरावर हीच परवानगी होती माझ्याकडे. तिकडे विश्वासाची होते, इकडे आल्यावर चोर झाले?"

"तिकडचं तिकडे, मॅडम."

"आणि मी? मी वाटेत बदलले का?"

कारकून आत निघून गेला. मागच्या टेबलावरची वयस्क बाई हळूच उठून खिडकीशी आली. आवाज खाली आणून तिनं विचारलं, "घरच्यांशी पटतं ना गं तुझं?"

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "माझ्या घरात कशाला नाक खुपसता? तुमचं काम करा ना आधी!"

बाई आणखी काही बोलणार होती. पण कारकून परत येताना दिसला आणि तिनं ओठ मिटले. थोड्या वेळानं खिडकी खाडकन बंद झाली. तिच्या तोंडावर.

घरी जाताना ती रस्ताभर धुमसत होती. निदान घरी ऐकणारं माणूस होतं. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते. तिथे आयुष्यभर काय केलं, ते त्यांनी आईलासुद्धा कधी सांगितलं नाही. गप्प राहणं त्यांनी व्रतासारखं पाळलं. आई त्यांना कुलूप म्हणायची. "अहो, आज भाजी कुठली आणलीत, तेवढं तरी सांगाल? की तेही सरकारी?" आई म्हणजे सताड उघडं दार. बंदराच्या नोकरीच्या वेळी चौकशीला आलेल्या माणसाला तिनं चहा पाजला आणि लेकीच्या गोवरापासूनचं सगळं ऐकवलं. तो बिचारा कसाबसा सुटला होता.

आता आई नव्हती. रोज संध्याकाळी ही कचेरीच्या नावानं बोटं मोडायची आणि वडील मान हलवायचे. "नालायक आहेत लेकाचे," एवढंच म्हणायचे.

वडील दारातच उभे होते.

"गेली नोकरी, बाबा!" तिनं पर्स खुर्चीत भिरकावली. "वर्षभर नुसतं बसवून ठेवलं आणि कारण विचारलं तर म्हणे गोपनीय. मी काय केलंय, एवढं एक वाक्य सांगायला जीभ झडते यांची!"

वडिलांनी आज मान हलवली नाही. ते चक्क हसत होते.

"ओरडू नकोस, बस. कुठे जात नाही नोकरी. आता तुला सांगायला हरकत नाही."

"काय?"

"तो माणूस दुपारी शेवटचा येऊन गेला. म्हणाला, आता परत येणार नाही."

"कुठला माणूस?"

"साध्या कपड्यातला. वर्षभर येतोय. तू कामावर असलीस की यायचा. ओळखपत्र नाचवायचा, म्हणायचा, चौकशीला आलोय, मुलीबद्दल विचारायचंय." त्यांनी हात झटकला. "आमच्या वेळीही असले खोटे साहेब पाठवायचे. घरचे तोंड उघडतात का, ते बघायला. माझ्या शेजारच्या यंत्रावर एक जण होता. त्याचा भाऊ दारात उभा राहून दोन शब्द बोलला, तर याला दुसऱ्या दिवशी फाटकावरूनच परत पाठवलं. तेव्हाच शिकलो. परीक्षा संपेपर्यंत घरातसुद्धा चकार शब्द काढायचा नाही."

खिडकीतल्या बाईचा प्रश्न तिला आठवला.

"बाबा, तुम्ही त्याला काय सांगितलंत?"

वडिलांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा असा उजळलेला तिनं पाहिला नव्हता.

"मी बधतोय होय? तुझा बाप पास झाला, पोरी. दर वेळी एकच उत्तर दिलं. म्हटलं, मला मुलगीच नाही."