गॅब्रिएलचा जुना प्लेअर

फ्लॉईडनं कुवेतहून महागडा नवा रेकॉर्ड प्लेअर आणला आणि बापाचा जुना भंगारात काढायला घेतला. गॅब्रिएल असा ओरडला, की राजोडीच्या किनाऱ्यावरच्या होड्या हलल्या. "माझ्या लग्नातला आहे तो!"

"डॅडी, त्याची सुई उडते! मम्मी, तू तरी सांग."

"दे रे भंगारात, कटकट जाईल," इझाबेल म्हणाली.

लग्नाच्या वाढदिवसाला नव्या प्लेअरवर त्यांच्या लग्नातलीच जुनी, चरा पडलेली रेकॉर्ड लागली. नवराबायको रागातच, एकमेकांकडे न बघता नाचायला उभे राहिले. जिथे जुनी सुई हमखास उडायची, तिथे दोघांनी सवयीनं एकदम उडी घेतली. गाणं मात्र मागेच राहिलं.



इझाबेल कडाडली, "फ्लॉईड, बंद कर ते! त्याला आमचं गाणं येत नाही!"