लाल दिव्याची खाट

मांडीची कातडी. टॉवेलने झाकलेला आरसा. खाटेवरचा लाल दिवा.

सकाळी चंपावतीने नवऱ्याला चिडवलं होतं, "आता गालावर मांडीचे केस येणार, न्हाव्याला काय सांगाल?" ज्ञानोबा निम्म्या तोंडाने हसला होता.

दुपारी मांडीच्या कातडीचा तो नवा गाल निळा पडू लागला.

"सिस्टर, डॉक्टरांना बोलवा ना," चंपावती म्हणाली. "निळा पडल्यावर लगेच शीर मोकळी केली तर गाल वाचतो, असं ते म्हणाले होते."

"मावशी, हा गाल टिकणार नाही असा अंदाज वॉर्डातल्या कॉम्प्युटर यंत्राने आधीच दिलाय, म्हणून तर हा लाल दिवा. डॉक्टर आधी हिरव्या दिव्यांच्या खाटा बघतात."

"मग आमच्याकडे कधी?"

सिस्टर चादर सारखी करून शेजारच्या हिरव्या दिव्याच्या खाटेकडे गेली.

संध्याकाळी गाल काळा पडला. यंत्राने अंदाज बरोबर आल्याची नोंद केली आणि पुढच्या पेशंटसाठी ते आणखी ठाम झालं.

ऑपरेशन उत्तम झालं होतं.