लेकीचं रक्त

डॉक्टरबाईंनी लेकीचा रिपोर्ट उघडला, तसा दित्याने बायकोचा हात घट्ट धरला.

त्याला सिकलसेल होता. रक्तातल्या एका प्रथिनाची घडण चुकलेली, त्यामुळे पेशी विळ्यासारख्या वाकायच्या, नसांत अडकायच्या आणि सांधे ठणकायचे. जमनाला आजार नसला, तरी निम्मा दोष तिच्याही रक्तात होता. म्हणून दोघं धास्तावले होते.

"बापाकडून दोष आलाय, पण आईकडून चांगलं प्रथिन मिळालंय," बाई म्हणाल्या. "हिच्या पेशी गोलच राहतील. खुशाल पळू दे हिला."

दित्याने बायकोचा हात सोडला. मग म्हणाला, "येत्या होळीला हिला मी नाचायला शिकवणार."

"दुखऱ्या पायांनी?" जमनाने विचारलं.

"मी बसून ढोल वाजवीन. नाचायचं तिचं ती शिकेल."

डॉक्टरबाईंसमोरच जमना खळखळून हसली.