कॉलरचा वास

शर्ट एकदा अंगाला लागला की धुतलाच पाहिजे आणि तोही हातानेच, असा नवऱ्याचा खाक्या होता. रोज सकाळी आरशासमोर उभा राहून तो आधी कॉलर हुंगायचा आणि नाक मुरडून शर्ट जमिनीवर भिरकावायचा. "धुतलाय की नुसता बुचकळलाय? पुन्हा धू!" बारा वर्षं तिने निमूटपणे ब्रश घासला. बोटांना इतक्या भेगा पडल्या की चिमूटभर मीठ घेतानाही डोळ्यांत पाणी यायचं.

गेले दोन महिने मात्र स्वारी खूश होती. कॉलर हुंगून म्हणायची, "आता कुठे तुझा हात बसला बघ!"

काल संध्याकाळी तो छाती फुगवूनच ऑफिसातून आला. "साहेब झाल्यापासून काय वचक बसलाय माझा! मी लिफ्टमध्ये शिरलो की बाकीचे मुकाट बाहेर पडून जिना धरतात. मीटिंगमध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायची कुणाची टाप नाही."

"असणारच. तुम्ही आलात हे लांबूनच कळत असेल," ती म्हणाली.

भेगा भरून आलेल्या हातांनी तिने त्याचा काढलेला शर्ट उचलला, ऑफिसच्या फाटकापर्यंत पुरेल एवढंच सुगंधी पाणी त्यावर शिंपडलं आणि इस्त्री तापत ठेवली.



त्याच्या शर्टांसाठी आणलेली साबणाची वडी दोन महिने झाले, कागदातून बाहेरच आली नव्हती.