सातव्या पिढीची भीती

भर मे महिन्यात, नदी कोरडी ठणठणीत असताना इंदुमतीबाईंची नवीकोरी, सातव्या पिढीची स्वयंचलित एसयूव्ही फरशीपुलाच्या तोंडाशी येऊन थांबली. पलीकडच्या गावात लेकीला कळा सुरू झाल्या होत्या. स्वतः चालवावी म्हटलं, तर स्टिअरिंग चौथ्या पिढीपासूनच गायब.

"अगं, चल ना! पाण्याचा थेंब तरी दिसतोय का?" त्या कडाडल्या.

"माफ करा, इथे धोका आहे," गाडी गोड आवाजात म्हणाली. "आधीच्या सहाही पिढ्यांचा अनुभव माझ्यात उतरलाय. पहिल्या पिढीतली एक गाडी याच पुलावर पुरात सापडली होती. चालवणारी बाई कशी किंचाळली, ऐकवू?"

गाडीत किंकाळी घुमली. इंदुमतीबाईंनी ती ताबडतोब ओळखली. ती त्यांचीच होती. तेव्हा हीच लेक पोटात होती, आणि दवाखाना पलीकडे.

बाळंतविड्याची पिशवी काखोटीला मारून त्या तरातरा पायीच निघाल्या. अर्ध्या पुलावर मात्र त्यांना राहवेना. गर्रकन वळून त्या ओरडल्या,

"अगं मेले, किंचाळत किंचाळत गाडी पार नेली होती मी! ते नाही का गं उतरलं तुझ्यात?"