दोन अक्कलदाढा

"तुमचीच जुनी दाढ दळून, शुद्ध करून जबड्यातल्या खड्ड्यात भरू, तिथं हळूहळू हाड धरेल, मग नवा दात बसवू," दातांचे डॉक्टर म्हणाले, म्हणून आई कपाटातली डबी घेऊन आली. डबीत दोन अक्कलदाढा होत्या. मायलेकींनी इथंच एकाच दिवशी काढून घेतलेल्या. "दोघींची अक्कल एकत्र ठेवू, म्हणजे भांडण मिटलं," म्हणत लेकीनंच त्या डबीत टाकलेल्या. डॉक्टरांनी दोन्ही दिव्याखाली धरल्या. "तुमची कुठली? दुसऱ्याची चालायची नाही." आईनं उलटसुलट करून पाहिल्या. नऊ महिने पोटात वाढवलेल्या पोरीची दाढ तिला ओळखता येईना. "लेकीला फोन लावा ना, तिला आठवत असेल," डॉक्टर हसले. लेक जाऊन चार महिने झाले, हे त्यांना ठाऊक नव्हतं. दळायचं यंत्र उघडंच होतं. आईनं दाढा डबीत ठेवून झाकण लावलं. "राहू द्या. चावेन मी एकाच बाजूनं."